लेम्पीबाईंची कोरी थाळी

"रायफलीवर दुर्बीण बसवायला दुसरा माणूस कशाला हवा? दुर्बीण म्हणजे काय, नळीतला चष्मा! आणि चष्मे बसवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय."

नॉर्बर्ट कुझ्नियारचं डेट्रॉइटमध्ये चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे असं बोलण्याचा त्याला थोडाफार हक्क होता. ऐकायला समोर बायको होती, काइसा. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा जेवणाच्या टेबलावर आडव्या पडलेल्या रायफलीकडे पाहिलं आणि ती लोकरीचे मोजे पिशवीत भरायला लागली. नवऱ्याच्या कुठल्या बोलण्यावर वाद घालायचा आणि कुठलं बोलणं सरळ काळाच्या हवाली करायचं, हे लग्नाला सहा वर्षं झालेल्या बाईला बरोबर कळतं.

रायफल साधीसुधी नव्हती. ती काइसाच्या आईच्या, म्हणजे लेम्पीबाई हाक्कोलांच्या, वारलेल्या भावाची. लेम्पीबाईंनी ती इतकी वर्षं तेलपाणी करून जपली होती आणि यंदा आपणहून जावयाच्या हातात ठेवली होती. सहा वर्षं नॉर्बर्ट मोठा पूल ओलांडून उत्तरेला हाक्कोलांच्या जंगलातल्या झोपडीवर जात होता. पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू होते. त्या मुलखात त्या दिवशी शाळांनासुद्धा सुट्टी असते, आपल्याकडची दिवाळी फिकी पडावी अशी धामधूम. सहा वर्षं सगळे जण पहाटे नारिंगी कपडे चढवून जंगलात जायचे आणि नॉर्बर्ट मागे राहून भांडी घासायचा. मेहुणा माउनो त्याला 'भांडेबहाद्दर' म्हणायचा. यंदा रायफल हातात आली होती आणि आता मधे फक्त एक थाळी उभी होती.

ही थाळी कागदाची. हाक्कोलांचा नियम लेम्पीबाईंच्या वडिलांनी घालून दिलेला. शिकारीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने झोपडीमागच्या खडीच्या खाणीत शंभर यार्डांवर लावलेल्या कागदी थाळीत तीन गोळ्या मारून दाखवायच्या. तिन्ही थाळीत बसल्या तर जंगल, नाहीतर स्वयंपाकघर. जखमी हरणाने दोन दिवस जंगलात तडफडण्यापेक्षा शिकाऱ्याने दोन दिवस बटाटे सोलावेत, असं त्या म्हाताऱ्याचं रोखठोक मत होतं. शिवाय ज्याच्या तिन्ही गोळ्या वाया जातील, मग त्या थाळीवरच्या असोत की हरणावरच्या, त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कात्रीने कापून, त्यावर नाव नि साल घालून भिंतीला ठोकायचं. त्या भिंतीवर सासऱ्यांची, आर्वोबाबांची, चार शेपटं होती. काइसाचं एक होतं. माउनोची इतकी होती की जोडली असती तर एक गोधडी झाली असती.

लेम्पीबाईंचं त्या भिंतीवर एकही नव्हतं. चाळीस वर्षांत नव्हतं!

या बाईबद्दल किती सांगावं. उंची दुकानातल्या काउंटरएवढी, हात बेकरीवाल्याचे, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण लहानपणी अभ्यास नीट केला नाही याची आठवण व्हावी. त्यांची रायफल जुन्या चालीची, जाड गोळीची, आणि तिच्यावर दुर्बीण नाही. डोळे दिलेत कशाला, असं त्या विचारायच्या. वर्षाला एक हरीण, हरणाला एक गोळी. ते पडलं की त्या जवळ जायच्या, टोपी काढायच्या आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या. त्या वेळी माउनोसुद्धा गप्प बसायचा. गेल्या महिन्यात त्या डेट्रॉइटला आल्या होत्या तेव्हा नॉर्बर्टने हौसेने त्यांचे डोळे तपासले. अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचलीच, पण तक्त्याच्या तळाला छापखान्याचा पत्ता होता तोही वाचला आणि त्यात एक अक्षर चुकलंय म्हणून सांगितलं. नॉर्बर्ट त्या दिवसापासून सासूचा भक्तच झाला होता.

अशा बाईने विश्वासाने दिलेली रायफल. तिच्यावर नॉर्बर्टने दुर्बीण बसवली ती आपल्या धंद्याला साजेशी. चष्मा डोळ्यापासून बोटभर अंतरावर हवा, हे त्याच्या अंगात मुरलेलं. म्हणून त्याने दुर्बीण मागे, अगदी गालाजवळ ओढली. चष्म्याच्या दांडीचा पेच जोर लावून पिळला तर आटे जातात, हेही अंगात मुरलेलं. म्हणून त्याने आपला दात कोरायच्या काडीएवढा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दोन बोटांनी पेच असे हळुवार बसवले की बघणाऱ्याला माया वाटावी. मग खिडकीतून शेजाऱ्याच्या चिमणीकडे नेम धरून पाहिला. चिमणीची वीटन् वीट दिसली आणि नॉर्बर्ट खूश झाला.

चौदा तारखेला दुपारी नॉर्बर्ट आणि काइसा झोपडीवर पोहोचले. काइसाने दोन कागदी थाळ्या घेतल्या, एकीवर पेन्सिलीने 'नॉर्बर्ट' लिहिलं, दुसरीवर 'आई', आणि यंदा स्वयंपाक तिच्याकडे असल्यामुळे ती पास्टी करायला आत गेली. पास्टी म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरलेली तळहातापेक्षा मोठी करंजी, ती तिकडे शिकारीच्या आदल्या दिवशी हवीच. आर्वोबाबांनी खाणीत जाऊन डावीकडच्या फळीवर नॉर्बर्टची थाळी ठोकली, उजवीकडच्या फळीवर लेम्पीबाईंची. काम करताना घाम आला म्हणून आपली नवी नारिंगी लोकरी टोपी त्यांनी त्या उजव्या फळीच्या खांबाला अडकवली, आणि तिला तिथेच विसरून ते सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, भट्टी पेटवायला निघून गेले. माउनो लाकडं फोडत होता. त्याच्या आणि आर्वोबाबांच्या गोळ्या सकाळीच मारून झाल्या होत्या. खाणीत राहिले फक्त सासू आणि जावई.

तिथे फळ्यांच्या समोर दोन टेबलं होती. डावं पाइनच्या झाडामागे, वाऱ्याच्या आडोशाला. उजवं उघड्यावर, आणि वारा असा की नाक जागेवर आहे का ते चाचपून पाहावं. नॉर्बर्टची जागा डावी. पण आपण आडोशाला बसायचं आणि सासूबाईंनी कुडकुडायचं, हे त्याच्या मनाला पटेना. "आई, तुम्ही इकडे बसा," तो म्हणाला. लेम्पीबाई नको म्हणाल्या. त्याने पुन्हा आग्रह केला, त्या पुन्हा नको म्हणाल्या. हाक्कोला मूळचे फिनलंडचे, आणि फिनी माणूस काहीही पहिल्यांदा दिलं तर घेत नाही, दुसऱ्यांदाही घेत नाही आणि तिसऱ्यांदा दिलं तर नाही म्हणत नाही. तिसऱ्यांदा त्या उठल्या आणि डाव्या टेबलाशी जाऊन बसल्या. जावई गुणी निघाला, असं काहीतरी पुटपुटल्याही.

माणसं बदलली. थाळ्या होत्या तिथेच राहिल्या.

आता हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, याचं नवल वाटून घेऊ नका. लेम्पीबाई चाळीस वर्षं बसल्या जागेसमोरच्या थाळीवर गोळ्या झाडत आल्या होत्या. आणि नॉर्बर्टच्या डोक्यात त्या वेळी एकच विचार होता, की चाप ओढायचा.

त्याने ओढला. आवाज झाला तो झालाच, पण गालाजवळ ओढलेली दुर्बीण झटक्याने मागे आली आणि तिच्या कडेने त्याच्या भुवईवर अर्धचंद्र काढला. असा सुबक की कंपासपेटी घेऊन काढला असता तरी इतका जमला नसता. नॉर्बर्टने आवाज केला नाही. सासूबाईंच्या भावाची रायफल, सासूबाई शेजारी, आणि आपण 'आई गं' म्हणायचं? त्याने रुमालाने रक्त टिपलं, आणि पुढच्या दोन्ही गोळ्या डोळे गच्च मिटून, मान शक्य तितकी मागे नेऊन झाडल्या. तिसऱ्या गोळीला दुर्बीण किंचित डुगडुगतेय असं त्याला वाटलं, पण त्या घडीला तो स्वतःच डुगडुगत होता. पलीकडे लेम्पीबाईंनी आपल्या तीन गोळ्या घड्याळाचे टोले पडावेत तशा संथपणे झाडल्या होत्या.

मग त्यांनी त्याची भुवई पाहिली. काहीएक न विचारता खिशातून पट्टी काढून चिकटवली. "हा चंद्र माझ्या भावालाही होता," एवढंच म्हणाल्या. नॉर्बर्टला ती पट्टी पदकासारखी वाटली.

गोळ्यांचा आवाज थांबला तसे आर्वोबाबा खाली गेले, थाळ्या उपटल्या, विसरलेली टोपी डोक्यावर ओढली आणि परत आले. परतताना त्यांची चाल मंदावत मंदावत गेली. टेबलाशी येऊन त्यांनी पहिली थाळी ठेवली. नॉर्बर्ट असं नाव, आणि बरोबर मधोमध तीन भोकं, तिन्ही एका बशीखाली झाकतील अशी. माउनोच्या हातातली कुऱ्हाड खाली गेली. काइसा कणकेच्या हातांनीच धावत आली आणि नवऱ्याच्या गळ्यात पडली.

मग आर्वोबाबांनी दुसरी थाळी ठेवली. तिच्यावर 'आई' लिहिलेलं होतं, बाकी ती दुकानातून आणली तशीच्या तशी होती.

लेम्पीबाईंनी थाळी उचलली, पालथी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. दुसरी कुणी असती तर वाऱ्याला बोल लावला असता, काडतुसाला लावला असता, नवऱ्याला तर नक्कीच लावला असता. लेम्पीबाईंनी कशालाच लावला नाही. थाळी कोरी म्हणजे कोरी. त्यांनी रायफल पुसली, आत जाऊन खुंटीला लावली, आणि काइसाच्या कमरेचा एप्रन सोडवून आपल्या कमरेला बांधला. उद्याचा स्वयंपाक आपण बघू, आणि ओढ्याकाठच्या बुंध्यापाशी नॉर्बर्टने बसावं, असं त्यांनी सांगून टाकलं.

तो बुंधा म्हणजे लेम्पीबाईंची जागा. चाळीस वर्षांत तिथे दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. आर्वोबाबांनी एकदा विचारलं होतं, लग्नाच्या वर्षी, आणि पुन्हा विचारलं नव्हतं.

नॉर्बर्टची अवस्था मोठी गमतीची झाली. एकीकडे सासूसाठी पोटात तुटत होतं आणि दुसरीकडे छाती फुगत होती, आणि दोन्ही एकाच बनियनमध्ये. डोळे मिटून मारलेल्या गोळ्या मधोमध कशा लागल्या, हा प्रश्न त्याला पडला नाही असं नाही. पण कौतुक ही चीज अशी आहे की ती खाताना आत काय घातलंय ते कुणी विचारत नाही. काही माणसांचा हात उपजतच असतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. माउनोने 'भांडेबहाद्दर' हे नाव मागे घेऊन त्याला 'दाजी' म्हणायला सुरुवात केली. थाळी भिंतीवर मानाच्या जागी लागली.

तेवढ्यात आर्वोबाबांना आपल्या टोपीला भोक सापडलं. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. नवी कोरी टोपी, आणि उंदराने आरपार कुरतडली! घरातलं वातावरण इतकं जड होतं की आर्वोबाबांना चिडायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी फळीवरून जुने सापळे काढले, पीनट बटर लावलं आणि पलंगाखाली, लाकडांमागे, जोड्यांच्या मांडणीत असे जागोजागी पेरले. पहिला सापळा मिटला तो माउनोच्या अंगठ्यावर. त्यानेही त्या दिवशी त्यावर विनोद केला नाही, यावरून घरात काय चाललं होतं ते ओळखा.

नॉर्बर्ट भिंतीपाशी गेला. आपल्या थाळीकडे पुन्हा एकदा पाहावं, एवढाच हेतू. खिशात उरलेलं एक काडतूस होतं. मजा म्हणून त्याने त्याचं टोक एका भोकात घातलं, आणि काडतूस सरळ आत जाऊन थाळीच्या मागे ठणकन पडलं. त्याने उचलून दुसऱ्या भोकात घातलं. तिथेही पडलं. नॉर्बर्टच्या रायफलीची गोळी बारीक, आणि भोकं अशी ऐसपैस की गोळीला आत फिरायला जागा होती. जाड गोळीची रायफल त्या दिवशी खाणीत एकच होती.

मग त्याला वारा आठवला, पाइनचं झाड आठवलं, आणि तिसऱ्यांदा केलेला आग्रह आठवला. डावं टेबल. डावी थाळी. सासूबाईंनी समोर पाहिलं होतं आणि मारलं होतं. तक्त्याच्या तळाचा छापखान्याचा पत्ता वाचणारे डोळे! आपण स्वतः तपासले, आणि तरी आपल्याला क्षणभरही शंका आली नाही, याची त्याला लाज वाटली. लाज वाटली हे खरं, पण माणूस आहे. बुंधा आठवला, 'दाजी' आठवलं, आणि उद्या सकाळी सांगावं की आता, यावर त्याचं मन बराच वेळ हेलकावे खात राहिलं. उद्या शिकार झाल्यावर सांगितलं तर कुणाचं काय बिघडणार, असाही एक युक्तिवाद त्याने स्वतःपुढे करून पाहिला.

तो युक्तिवाद जेवणापर्यंत टिकला. अंधार पडला, पास्ट्या वाढून झाल्या, आणि लेम्पीबाई उठल्या. त्यांनी भिंतीवरची कात्री काढली, आर्वोबाबांसमोर ठेवली, पाठ वळवली आणि आपल्या लाल-काळ्या चौकडीच्या शर्टाचं शेपूट पँटमधून बाहेर ओढलं.

"काप," त्या म्हणाल्या.

आर्वोबाबांनी कात्री उचलली नाही. पास्टी थंड होतेय, हे नंतर बघू, असं काहीतरी ते बोलायला लागले. लेम्पीबाई जागच्या हलल्या नाहीत. "आर्वो, तुझी चार मी कापलीत आणि एकदाही हात थरथरला नाही. नियम माझ्या बापाचा आहे. डोळे गेले तर गेले, नियम जात नाही. काप."

आर्वोबाबांनी शेवटी कात्री घेतली. तिची पाती त्या चौकडीच्या कापडाला लागली आणि नॉर्बर्टने हातातली पास्टी खाली ठेवली.

"बाबा, थांबा. ती भोकं आईंची आहेत."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. लेम्पीबाईंनी मानसुद्धा वळवली नाही. "नॉर्बर्ट, म्हातारीवर दया करू नकोस. दया मला पचत नाही."

नॉर्बर्ट उठला, भिंतीवरून थाळी काढून आणली, टेबलावर आडवी धरली आणि वरून आपलं काडतूस सोडलं. ते भोकातून जाऊन खालच्या बशीत पडलं. मग त्याने खुंटीजवळच्या डबीतून लेम्पीबाईंचं काडतूस आणलं आणि तेही सोडलं. गोळी भोकात घट्ट रुतून बसली. आर्वोबाबांनी थाळी ओढून घेतली आणि तिन्ही भोकांत दोन्ही काडतुसं आलटून पालटून घालून पाहिली. तोवर नॉर्बर्टने वाऱ्यापासून टेबलापर्यंत सगळं सांगून टाकलं होतं. रक्ताचं आणि डोळे मिटल्याचंही सांगितलं. एकदा सांगायला बसल्यावर मधेच कुठे थांबायचं ते त्याला कळेना.

"म्हणजे लेम्पी," आर्वोबाबा सावकाश म्हणाले, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तू दुसऱ्याच्या ताटात हात घातलास."

लेम्पीबाईंनी शर्टाचं शेपूट शांतपणे पुन्हा पँटमध्ये खोचलं. त्यांनी थाळी दिव्यापाशी नेऊन पाहिली. पाहता पाहता त्यांचे खांदे हलायला लागले आणि काइसाला वाटलं की आई रडतेय. त्या हसत होत्या. पण डोळ्यांतून पाणी येत होतं हेही खरं, आणि ते त्यांनी पुसलं नाही. डोळे गेले नव्हते, याचं सुख त्या डोळ्यांतूनच वाहत होतं.

मग माउनोने अखेर तो प्रश्न विचारला, जो कुणीतरी विचारणारच होतं. "पण दाजी, मग तुमच्या तीन गोळ्या गेल्या कुठे?"

"देव जाणे," नॉर्बर्ट म्हणाला.

लेम्पीबाईंनी एप्रन सोडला आणि नॉर्बर्टच्या गळ्यात घातला. मग त्याच्या अगदी समोर उभं राहून म्हणाल्या, "हरीण मारून आणणारे या घरात पुष्कळ झाले. कौतुक भिंतीला लागलेलं असताना आपल्या हाताने उतरवणारा मी पहिला बघितला. माझ्या भावाची रायफल योग्य माणसाकडे गेली. आता वळ."

नॉर्बर्ट वळला. शर्ट काइसाने याच शिकारीसाठी घेतलेला, त्याची किमतीची चिठ्ठी सकाळीच काढली होती. लेम्पीबाईंच्या हातातली कात्री जराही थरथरली नाही. भिंतीवर माउनोच्या गोधडीशेजारी एक नवं, इस्त्रीचं शेपूट लागलं. नॉर्बर्टला आपला अपमान झाला असं वाटायला हवं होतं, पण सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या भिंतीवर त्याचं नाव आलं होतं आणि त्याला आतून फार बरं वाटलं. जेवणानंतर लेम्पीबाईंनी मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, दुर्बीण डोळ्यापासून चार बोटं पुढे सरकवली आणि पेच असे आवळले की नॉर्बर्टने दुसरीकडे पाहिलं. खाणीत परवा पुन्हा तीन गोळ्या मारायच्या, असं ठरलं.

आणि उद्या? उद्या नॉर्बर्टने रायफल न घेता त्यांच्याबरोबर बुंध्यापाशी यायचं. आर्वोबाबांनी हे ऐकलं आणि हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

पहाटे दोघं ओढ्याकाठी जाऊन बसले. थंडी अशी होती की शर्टाच्या शेपटाचा माणसाला केवढा आधार असतो, हे नॉर्बर्टला नेमकं कळलं. उजाडता उजाडता पलीकडच्या झुडपांतून शिंगांचा एक नर बाहेर आला. लेम्पीबाईंनी रायफल कधी उचलली ते नॉर्बर्टला दिसलंसुद्धा नाही. एकच गोळी. त्या ओढा ओलांडून गेल्या, टोपी काढून उभ्या राहिल्या, आणि नॉर्बर्टनेही आपली टोपी काढली. त्याला सासूबाई त्या वेळी जितक्या मोठ्या वाटल्या तितकं दुसरं कुणीच आयुष्यात वाटलं नव्हतं. परत येताना त्या म्हणाल्या की नॉर्बर्टचा श्वास फार वाजतो, पुढच्या खेपेला जरा कमी घ्यावा. पुढच्या खेपेला, हे शब्द नॉर्बर्टने झोपडीपर्यंत मनात घोळवले.

झोपडीत आर्वोबाबा धुमसत होते. एवढे सापळे, एवढं पीनट बटर, आणि उंदीर एकही नाही! त्यांनी टोपी नॉर्बर्टच्या हातात दिली आणि उंदीर किती हुशार आहे ते बघ म्हणाले, भोक कसं गोल, कडा कशी साफ. नॉर्बर्टने टोपी उजेडात धरली. कालपासून हाताला एक खोड लागली होती. खिशातलं काडतूस बाहेर आलं, आणि त्याचं टोक टोपीच्या भोकात गेलं.

घट्ट बसलं. कालच्या थाळीत लेम्पीबाईंची गोळी जशी बसली होती, अगदी तसं.

उजव्या फळीचा खांब नॉर्बर्टच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि त्याला अडकवलेली ही नारिंगी टोपीही. नशीब, टोपीत त्या वेळी डोकं नव्हतं. खरं बोलायला हवं, हे त्याला कळत होतं. पण लागोपाठ दोन दिवस खरं बोलायला माणूस फार मोठा असावा लागतो, आणि शर्टाला आता शेपूटही उरलं नव्हतं. त्याने मान वर केली. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला लेम्पीबाई मोजा विणत बसल्या होत्या. त्यांच्या सुया थांबल्या होत्या. त्यांनी टोपी पाहिली, काडतूस पाहिलं, जावयाचा चेहरा पाहिला.

सुया पुन्हा चालू झाल्या.

"आर्वो," मोज्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "ते सापळे उचलून ठेव. हा आपल्याकडचा उंदीर नाही, डेट्रॉइटचा दिसतोय. पीनट बटरला भुलायचा नाही. त्याला पास्टी वाढ."